ऐकायची परवानगी

लखनौ, रविवार, २०१२

सकाळपासून डोकं फिरलंय. नवा लॅपटॉप घेतला आणि विकत घेऊन डाउनलोड केलेली सगळी गाणी मुकी झाली. डबी नाही, कागद नाही, तरी सीडीइतकेच पैसे मोजले होते. कंपनीला फोन केला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, आपने गाना नहीं, सुनने की परमिशन ली थी. वो पुरानी मशीन के लिए थी."

परवानगी म्हणे. लुच्चे लेकाचे.

आणि मी तरी कोण मोठा शहाणा? डाउनलोडच्या तोऱ्यात सगळ्या सीड्या चौक भागात राहणाऱ्या सक्सेनासाहेबांना देऊन टाकल्या. वर "ये कबाड़ अब कौन सँभाले" असंही म्हणालो होतो. संध्याकाळी त्यांच्याच दारात गेलो. भैरवीची सीडी दोन दिवसांसाठी मागितली. लॅपटॉपबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी ती फडक्याने पुसून हातात दिली.

"देशपांडेजी, आप ही की तो है. पूछना कैसा?"

त्या कंपनीला दिवसभर शिव्या घातल्या, पण रिक्षात बसल्यावर तिची आठवणही झाली नाही. स्वतःचीच किळस आली. सीडी परत द्यायला जाईन तेव्हा खरं सांगेन. सांगेन ना?