निळ्या ‘बो’च्या चुण्या

३ जून
ही वही लिहायला डॉक्टरीणबाईंनी मार्चमध्ये सांगितलं होतं. उघडतोय आज. मधे वही सापडत नव्हती, सापडली तेव्हा पेन नव्हतं. मला एडीएचडी आहे म्हणे. डोकं एका जागी बसत नाही. मी पायी बोलिव्हियापर्यंत हिंडलेला माणूस, डोकं तरी का बसेल?
माझ्या पोरीची, ब्रिसाची आई स्पेनला कामाला. तिची आजी इर्माबाई लांब, साल्तो गावात. त्यांनी बजावलंय, डिसेंबरपर्यंत बघते, नाही जमलं तर पोरीला इकडे घेऊन येईन. जमणारच. आजपासून अकरा अलार्म.

८ जून
सगळे अलार्म एकाच आवाजाचे. कुठला कशाचा, ब्रिसालाच कळतं. सहा वर्षांची आहे. माझ्याआधी उठते, खाऊचा डबा स्वतः भरते. स्वावलंबन. माझंच वळण.

१४ जून
शाळेचा पांढरा झगा रविवारी भिजत घातला होता. आज सापडला. वास. ब्रिसा तोच घालून गेली. कुणी काही म्हणालं का विचारलं, तर म्हणाली, मी खिडकीपाशी बसले ना, बाबा. हुशार आहे.

१८ जून
उद्या पहिलीची मुलं झेंड्यापुढे शपथ घेणार. दहा वाजता. आईबाप समोर खुर्च्यांवर. ब्रिसानं माझ्या हातावर पेनानं लिहून ठेवलं. म्हटलं, अगं, बाबाला लिहून द्यावं लागतं होय? म्हणाली, हो.

१९ जून, दुपार
आठलाच तयार होतो. तिचा झग्यावर गळ्यात बांधायचा निळा बो चुरगळलेला. म्हटलं नवा शिवतो. जत्रांतून पिशव्या शिवून विकल्यात मी. तिला रांगेत लवकर उभं राहायचं होतं, शेजारच्या नेल्लीमावशी घेऊन गेल्या. म्हटलं, मागोमाग आणतो. चुण्या नीट पडेनात. उसवल्या, पुन्हा घातल्या. सव्वाअकराला पोचलो तर खुर्च्या रचून ठेवत होते. बाई म्हणाल्या, आलात का. मग बो बघून म्हणाल्या, सुंदर झालाय.
बो नसलेली ती एकटीच होती. नेल्लीमावशी म्हणाल्या, शपथ घेताना सगळी पोरं झेंड्याकडे बघत होती, तुझी फाटकाकडे.
ब्रिसा रडली नाही. म्हणजे मनाला लावून घेतलेलं नाही.

२१ जून
नेल्लीमावशींच्या फोनवरून बराच वेळ बोलत होती. मैत्रीण असेल. मिसळायला लागली.

२३ जून
नवा निर्धार. एकच अलार्म.
ब्रिसानं कपाट आवरलंय. न सांगता. कपडे घड्या घालून बॅगेत भरलेत. शिस्त लागली.

त्याच दिवशी, चार वाजता
चहाचं आधण ठेवलंय, तेवढ्यात लिहितो. दारात इर्माबाई. साल्तोहून बसनं, एकट्या. म्हटलं, डिसेंबर ठरला होता ना? शाळेनं कळवलं का? बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत, ब्रिसाचा हात धरून उभ्या. म्हणाल्या, शाळेनं नाही रे, हिनंच बोलावलंय.