पाकिटात बसेल अशी चावी

रविवार, ३ फेब्रुवारी १९८०. सकाळी १०.२०

या मिनिटाला माझं आयुष्य बदललं. घड्याळात बघून लिहितोय. (घड्याळ दुकानातलं. सहा मिनिटं पुढं असतं. म्हणजे १०.१४.)

रुख्मिणी माझ्याशी बोलली. समोरच्या नर्सबाईंची, कुसुमबाईंची मुलगी. डी.एड. झालेली. मी मामांची फियाट धूत होतो. धूत म्हणजे देखरेख करत होतो, बादली तेवढी हातात होती. ती थांबली आणि म्हणाली, "गाडी कुणाची?" मी म्हणालो, घरचीच. तसं बघितलं तर माझीच. ती हसली. म्हणाली, "मग चावी मामांच्या कमरेला कशी काय?"

आणि गेली. पण जाताना वळून बघितलं. (कुत्रं भुंकलं होतं. पण वळून बघावं इतकं काही जोरात नव्हतं.)

अर्थ स्पष्ट आहे. ज्याच्याजवळ स्वतःची चावी नाही त्याच्या हाती आयुष्य कसं द्यायचं, हा तिचा प्रश्न आहे. रास्त आहे.

निश्चय: गाडीची दुसरी चावी करून घेणे. महिन्याच्या आत. मामांना न कळता.

त्याच दिवशी, दुपारी ३

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. मामा म्हणजे दिनकरराव, मानवतला कापसाची आणि धान्याची आडत. मी त्यांचा भाचा, मुक्काम मूळचा पेडगाव, सध्या इथं व्यवस्थापक. (मामा लोकांना 'पोरगा गाडी चालवतो' असं सांगतात.) फियाट परभणीच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा चावी एकच मिळाली. ती मामा तिजोरीच्या चावीशेजारी करदोट्याला बांधतात. गाडी काढायची म्हणजे आधी धोतर सैल करायचं, मग करदोटा वर ओढायचा, मग गाठ सोडायची. बाजारात, बँकेसमोर, कुठंही. गाडी थांबली की पुन्हा गाठ. आंघोळीलाही करदोटा निघत नाही, त्यामुळे आमच्या गाडीची चावी रोज गरम पाण्यानं आंघोळ करते. मी हप्त्यातून दोनदा.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

चावी कशी असावी याचा विचार पूर्ण. मामांचे कान लय तिखट. खिशात काही खुळखुळलं की "काय हाय रे?" म्हणून झडती. तेव्हा चावी पातळ पाहिजे, पत्त्यासारखी. पाकिटात फोटोच्या मागं सरकली की झालं. पाकीट आहे. फोटो नाही. (तिच्याकडं मागायचा आहे. वेळ आली की.)

पंडित भेटला. कॉलेजात माझ्या बाकावर असायचा. आता सायकलच्या दुकानात काम करत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "रंगनाथ, बाहेरून परीक्षा दे की. फॉर्म मी आणून देतो." माझं डोकं सणकलं. मी कॉलेज सोडलं ते तत्त्वासाठी. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या गडबडीत कॉलेज बंद पडलं, उघडल्यावर सगळे परत गेले, मी गेलो नाही. तत्त्व कोणतं ते नीट लिहून काढायचं राहिलंय. पंडितचं तर त्या दिवसांत गावाकडचं घर जाळलं होतं, तरी हा कॉलेज उघडल्याच्या पहिल्या दिवशी वर्गात हजर. काही लोकांना पदवीची फारच घाई असते. तसं त्याला तोंडावर बोललो. तो सायकलवर टांग टाकून गेला.

पटलं असावं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी. दुपारी २.३०

कामगिरी फत्ते. चावीचा छाप घेतला.

मामा जेवून झोपलेले. चावी पोटावर. मामी भाकरीसाठी पीठ मळत होत्या, त्यांची पाठ फिरताच परातीतून लिंबाएवढा गोळा उचलला आणि चावीवर दाबला. मामांनी डोळे न उघडता विचारलं, "काय करायलास रे?" मी म्हणालो, मुंगळा होता. "मेला का?" हो. "मग हात काढ."

एवढ्या प्रसंगी डोकं शांत ठेवणं सगळ्यांना जमत नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी. परभणी

मामा बँकेत. मी धावत कुतुबचाचांकडं. चाचा बाजारात झाडाखाली कुलपं मांडून बसतात, निजामाच्या काळापासून म्हणे. रुमालातून गोळा काढला. चार तुकडे झाले होते. चाचांनी एक तुकडा उचलला, वास घेतला आणि शेजारच्या शिंप्याला दाखवून म्हणाले, "देखो, चाबी की भाकर लाए!" मग मला म्हणाले, "मियाँ, जवार तडकती. गेहूँ का आटा लाव, नै तो साबन पे छाप लेके आव."

ज्वारी सुकली की तडकते हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. शिक्षणपद्धतीतच दोष आहे. सोडलं ते बरं केलं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

साबणावर छाप घेतला. दोन्ही बाजूंनी. सुंदर. घट्ट व्हावा म्हणून खिडकीत ठेवला.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी. संध्याकाळ

मामींनी त्याच साबणानं मामांची बंडी धुतली. मी थोडा आवाज चढवला. मामी म्हणाल्या, "साबण धुवायलाच असतो की बाबा, का देव्हाऱ्यात ठेवू?" जेवलो नाही. (मग जेवलो. वांगं होतं.)

सोमवार, १८ फेब्रुवारी

पुन्हा साबण, पुन्हा छाप. मामा झोपेतच म्हणाले, "मुंगळे लय झालेत या घरात." साबण ट्रंकेत, कुलपात.

मंगळवार, १९ फेब्रुवारी. परभणी

चाचांनी पितळी पत्र्यातून चावी कापली. मी म्हणालो, जाड आहे, पाकिटात बसत नाही. त्यांनी घासली. मी म्हणालो, आणखी पातळ. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "इत्ती पतली नक्को मियाँ. टूटती. चाबी हाय, पान का पत्ता नै." मी म्हणालो, चाचा, माझं काम वेगळं आहे. म्हणाले, "शादी का मामला हाय क्या?" माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असणार. आणखी घासली.

मात्र अजून ती गाडीला लागणार नाही. चाचा म्हणाले, "चाबी कू कुलूप सिकाना पडता." म्हणजे असं: चावी चिमणीवर धरायची, काजळी बसली की कुलपात घालायची, अलगद हलवायची, काढायची. जिथं काजळी पुसली जाऊन पितळ चमकतं तिथं कानशीनं जरासं घासायचं. पुन्हा काजळी. पुन्हा कुलूप. दहा वेळा, वीस वेळा. "जोर नै लगाना. गुस्सा तो बिलकुल नै." कानस त्यांनी उसनी दिली.

राग येण्याचा प्रश्नच नाही. मी मुळात शांत माणूस आहे.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

चावीचं शिक्षण सुरू. रोज दुपारी मामा झोपले की अंगणात गाडीत बसून. आज पाच वेळा. फिरत नाही. कानस फेकून दिली. शेजाऱ्यांच्या कोंबडीला लागता लागता राहिली. कानस शोधून आणली.

बुधवार, २७ फेब्रुवारी

सोळा वेळा. मामींनी विचारलं, नाकाला काळं कशानं? मी म्हणालो, गाडीचं काम. मामा म्हणाले, "गाडीत बसून काम करायलाय, म्हंजे बसायलाय." दुर्लक्ष.

शनिवार, १ मार्च. दुपारी २.५०

फिरली!!! चावी फिरली. लाल दिवा लागला! लगेच बंद केली. पाकिटात घातली. बसते. वरून हात फिरवला तर कळतसुद्धा नाही. एकदा फिरली म्हणजे शिकली. आणखी सराव नको, झीज होते.

रविवार, २ मार्च. धुळवड

ती स्वतः आली. आईला घेऊन. अंगाला रंग असल्यामुळे मी ओळखू आलो नाही, म्हणून आधी मामींनाच विचारलं, रंगनाथ कुठंय.

गोष्ट अशी. मंगळवारी, चार तारखेला, तिचा परभणीला मास्तरणीच्या नोकरीचा इंटरव्ह्यू. अकरा वाजता. आणि त्याच दिवशी बंद. एसटी निघणार नाही. कुसुमबाई म्हणाल्या, "दोन वर्षं वाट बघायलोय या कागदाची. चुकला की गेला. तुमच्या मामांना विचारावं म्हणते, गाडी मिळंल का." रुख्मिणीनं हातातला लिफाफा इतका घट्ट धरला होता की कोपरे दुमडले होते.

मी म्हणालो, मामांना विचारायची काही गरज नाही. मी आहे. सकाळी सातला दारात या. कुसुमबाई म्हणाल्या, "अहो पण चावी..." मी नुसतं छातीवर हात ठेवला. पाकीट तिथंच आहे.

रुख्मिणी म्हणाली, "नक्की ना? नाहीतर मी स्टेशनचं बघते, पॅसेंजर असते आठची." पॅसेंजर! मी हसलो.

सोमवार, ३ मार्च

योजना: सात वाजता मामा पूजेत. पूजा पाऊण तास. तेवढ्यात मी गावाबाहेर. वाटेत तिला काय बोलायचं ते लिहून काढलं, दीड पान. कुसुमबाई मागं बसतील. (त्या येणारच आहेत का, विचारायचं राहिलं.) परतताना फोटो मागायचा.

पेट्रोल आहे. डोकं शांत आहे. सगळं आहे.

मंगळवार, ४ मार्च. दुपारी १२

घडलं तसं लिहितो. कुणालाही दोष न देता.

सात वाजता त्या दोघी दारात. रुख्मिणी पांढरी साडी नेसलेली. मी दार उघडून त्यांना बसवलं. पाकीट काढलं, चावी काढली, ती बघेल अशी जरा उंच धरली. तिनं बघितली. म्हणाली, "एवढी पातळ?" मी म्हणालो, नवीन पद्धत.

फिरली नाही. पुन्हा. नाही. मागून कुसुमबाई: "भाऊ, सव्वासात." मी म्हणालो, माहितंय. पुन्हा. घंटेचा आवाज थांबला, म्हणजे मामांची पूजा आज लवकर संपत आली. मला घाम. रुख्मिणी म्हणाली, "हळू, हळू करा." बाईमाणसानं गाडीतलं शिकवावं? मी जोर लावला.

कट्ट.

अर्धी चावी माझ्या बोटांत. अर्धी कुलपात. नखानं काढायला गेलो, आत गेली.

मामा बाहेर आले. सोवळ्यातच. कुसुमबाईंनी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता गावभर ऐकू जाईल असं बोलतील. मामा म्हणाले, "अगं माय, मग मला सांगायचं की. पोरीचा इंटरव्ह्यू म्हंजे काय चेष्टा हाय? मी सोताच गेलो असतो संगं, बंदवाल्यांनी मला काय अडवलं नसतं." आणि तिथंच उभ्या उभ्या करदोटा ओढून खरी चावी काढून दिली. पहिल्यांदाच. मागितली नसताना.

खरी चावी आत जाईना. माझा तुकडा होता ना तिथं.

मी म्हणालो, पितळ हलकं निघालं.

रुख्मिणी उतरली. माझ्याकडं बघितलंच नाही, घड्याळाकडं बघितलं. सात वाजून पंचवीस. मग पळत पंडितच्या दुकानाकडं. मागं मी धावलो, पण चपलेचा अंगठा तुटला. पंडितनं विचारलंसुद्धा नाही काय झालं. दोन सायकली काढल्या. एकीवर तो, मागं कॅरिअरवर कुसुमबाई, छत्री धरून. दुसरीवर रुख्मिणी स्वतः. तिला सायकल येते हे मला माहीत नव्हतं. पदर खोचून अशी निघाली की पंडित मागं पडला. स्टेशन गावापासून लांब, आणि पॅसेंजर आठची.

मिळाली का माहीत नाही.

बुधवार, ५ मार्च

मिळाली. गाडी चाळीस मिनिटं लेट होती. म्हणजे तसं बघितलं तर माझ्यामुळे काहीच नुकसान झालं नाही. हे तिला सांगायला गेलो. कुसुमबाई म्हणाल्या, झोपलीय. सकाळी अकराला.

दीड पान फाडून टाकलं. (सुरुवात बरी होती. ती ओळ ठेवली.)

रविवार, ९ मार्च

परभणीहून मेकॅनिक आला. तुकडा निघाला नाही, शेवटी आख्खं कुलूपच काढलं. नवं मुंबईहून मागवावं लागेल, महिने लागतील. तोवर त्यानं दोन तारा जोडून दाराच्या घंटीचं बटण बसवून दिलं. दाबलं की गाडी सुरू. आता मानवतमध्ये कुणीही आमची गाडी चावीशिवाय सुरू करू शकतं. फक्त मला हात लावायला मनाई आहे. मामांनी दत्तराव नावाचा ड्रायव्हर ठेवला. वय पन्नास, बोलत नाही.

खरी चावी मामा अजून करदोट्याला बांधतात. विचारलं, का? म्हणाले, "सवय हाय."

रविवार, ८ जून. सकाळी ८

रुख्मिणीला नोकरी लागली. येलदरीला, धरणाजवळच्या शाळेत. आज सामान पोचवायचं होतं. मामा आपणहून म्हणाले, गाडी नेऊ. मामी म्हणाल्या, धरण बघून होईल.

मी पहाटेच आंघोळ केली. (रविवार असूनही.) ट्रंक मी टपावर चढवली, वळकटी मी बांधली, स्टोव्ह मी कागदात गुंडाळला. येलदरीपर्यंत तीन तास. तीन तासांत माणूस बरंच समजावून सांगू शकतो. पुढच्या सीटवर दत्तराव आणि मामा यांच्यामध्ये मी अंग चोरून बसलो. मागं मामी, कुसुमबाई आणि ती. पंडित निरोपाला आला होता. तिनं खिडकीतून त्याला म्हटलं, "निकाल लागला की पत्र टाका." मी मान वळवून म्हणालो, मीपण टाकीन. ती म्हणाली, "तुमचा कसला निकाल?" चेष्टेनं नाही. खरंच विचारत होती.

दत्तरावांनी गिअर टाकायला हात नेला, तो माझ्या गुडघ्यावर आला. मामा म्हणाले, "रंगनाथ, तू कुठं? दुकानात कोण बसंल? उतर."

मला उतरू देण्यासाठी मामा खाली उतरले. मी उतरलो. मामा परत बसले. त्या बाजूचं दार एकदा लावून लागत नाही, बाहेरून नेट लावावा लागतो, आणि ते कसब घरात एकट्या मला आहे. दोन्ही हात लावून मी दार बंद केलं.