अमृतकोकमाची बाटली

मिठबाव, २ मे १९५८

चि. गुरुदास यास बाळादादाचे अनेक आशीर्वाद. इथे सगळे खुशाल आहोत, निदान पत्राच्या या ओळीपर्यंत तरी. तुझा खोकला कसा आहे? उत्तर लिहिण्याइतका हात चालतो ना? (टोमणा आहे, समजून घे.)

दोन महिने मला भारी तहान लागते, पायाची जखमही भरत नाही, म्हणून देवगडच्या डॉक्टरांनी लघवी तपासायला आणायला सांगितली. घरात रिकामी बाटली एकच, अमृतकोकमाची. ती घेऊन यष्टीत बसलो, तर शेजारी आपली हौसाबाई! वळणावर तिचं पोट ढवळलं आणि बाटलीकडे बघून म्हणते, "वायच कोकम दी रे बाळा, माका मळमळता." मी नाही म्हटलं. "मेल्या, घोटभर कोकमासाठी मरतस?" सगळी गाडी वळून बघायला लागली. आता चारचौघांत खरं सांगू कसं? बाटली छातीशी धरून देवगडपर्यंत कंजूष ठरलो.

डॉक्टरांनी नळीतल्या निळ्या औषधात थेंब टाकून दिव्यावर तापवलं. निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं आणि शेवटी आपल्या कौलांसारखं लाल. मधुमेह, म्हणाले. शरीरातली प्रत्येक पेशी साखर जाळून काम करते म्हणे. माझ्या रक्तात साखर रग्गड, पण तिला पेशीच्या आत पोचवणारं इन्सुलिन कमी. म्हणजे साखर दारात उभी आणि पेशी आत उपाशी! आंबा बंद. (मे महिन्यात! त्या माणसाला काळीज आहे का रे?) मी स्पष्ट सांगितलं, दोष बाटलीचा. तुझ्या वहिनीने ती नीट धुतली नसणार, तळाला कोकमाची साखर राहिली असणार. तेव्हा तू काळजी करू नकोस.

माळ्यावर गवतात आंबे पिकत घातलेत, घरभर वास सुटलाय. पण डॉक्टरांचं ते उपाशी पेशींचं बोलणं डोक्यातून जात नाही. एवढे आंबे आणि घरात आम्ही दोघंच. सहा वर्षं झाली, मे महिन्यात तू आला नाहीस. लहानपणी आंब्याचा बाठा चोखायला मिळावा म्हणून माझ्या पोटरीला चावायचास. फार आठवण येते रे तुझी.

तुझा,
बाळादादा

ता. क. वहिनीवर उगाच आळ घेतला. बाटली मीच धुतली होती, गरम पाण्याने, तीनदा.

आणखी एक. आंबे पंधरा दिवसांत संपतील. त्याआधी येऊन जा. माझ्यासमोर बसून खा, मी नुसता बघेन. या खेपेस भांडणार नाही, बाठा तुलाच.