काचेत पाणी दिसत नसेल तर

२ फेब्रुवारी, सोमवार

हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या नव्या मॅनेजरबाईंनी बोलावलं. म्हणाल्या, काका, एकतीस वर्षं बॉयलर चालवलात, पण तुमच्याकडे परवाना नाही. म्हटलं, बॉयलरने कधी मागितला नाही. हसल्या नाहीत. २५ तारखेला तोंडी परीक्षा. पास झालो तर बॉयलर माझा, नाहीतर चादरींच्या घड्या घालायच्या. या वयात!

आमचा फिटरही परीक्षेला बसणार आहे. त्याला सगळे वॉशर म्हणतात, कारण कुठल्याही दोघांच्या भांडणात मध्ये जाऊन बसतो. तीस वर्षांचा मित्र. त्याला सांगून ठेवलं, आता माझं डोकं अभ्यासात असणार. सकाळी गाळ काढून झाला की तळाचा व्हॉल्व्ह मी बंद केलाय ना, तेवढं बघत जा. उघडा राहिला तर बॉयलर रिकामा होईल. हो म्हणाला. देवमाणूस.

पुस्तकात दोनशे प्रश्न. संकल्प: रोज दहा. वीस दिवसांत खलास, वर दोन दिवस आराम.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दहाऐवजी एकच झाला. गुडघा ठणकत होता. हॉस्पिटलच्या माळ्याने विडीत गांजा भरून दिला. औषध म्हणूनच घेतला. दोन झुरक्यांत गुडघा कुठे आहे तेही कळेना.

पण खरी गंमत पुढेच. पुस्तक उघडलं आणि प्रश्न पहिला, ‘काचेत पाणी दिसत नसेल तर प्रथम काय करावे?’, असा काही समजला की अंगावर काटा आला. काच म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी नळी; माझ्या तर बॉयलरच्या पोटातलं पाणीच डोळ्यांसमोर उभं राहिलं. शाळेत मास्तरांनी मला सातवीपर्यंत उगाच छड्या मारल्या. दोन झुरके दिले असते तर मी आज इंजिनिअर असतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीने सकाळी प्रश्न पहिला विचारला. आठवेना. ती म्हणाली, अहो बाबा, काल संध्याकाळी तुम्हीच मला हा तासभर समजावून सांगितलात, हातवारे करून. म्हटलं, मग तुला येतोय तर मला कशाला विचारतेस?

औषधांच्या दुकानात नोकरी करते म्हणून स्वतःला डॉक्टर समजते. म्हणाली, गांजा ओढून वाचलेलं डोक्यात मुरत नाही. तेव्हा सगळं कळल्यासारखं वाटतं आणि सकाळी पाटी कोरी. म्हटलं, तुझा कोर्स दोन वर्षांचा, माझा बॉयलर एकतीस वर्षांचा. हसली. पण आईकडे बघून. दोघी मिळालेल्या दिसतात.

उपाय: जे कळेल ते तिथल्या तिथे लिहून ठेवायचं.

९ फेब्रुवारी, सोमवार

कालचं टिपण सापडलं. अक्षर फार सुंदर. ‘पाणी ही वाफेची आई आहे. बाकी सगळं आपोआप.’ खाली दोन रेघा. प्रश्न कितवा, ते लिहिलेलं नाही.

झालेले प्रश्न: एक. तोही पहिलाच, तोही अर्धा.

चष्मा गायब. हिने लपवला असणार, अभ्यास होऊ नये म्हणून.

(चष्मा फ्रीजमध्ये सापडला. ही म्हणते, मी नाही ठेवला. मग मी ठेवला का?)

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज प्रचंड काम. बॉयलरच्या रजिस्टरमध्ये दर तासाला प्रेशर आणि पाणी लिहावं लागतं. त्यात अभ्यास मोडतो. औषध घेऊन बसलो आणि येत्या आठवड्याचं रजिस्टर एका बैठकीत भरून टाकलं. प्रेशर सात, पाणी अर्धी काच. एकतीस वर्षं तेच तर असतं. केवढा वेळ वाचला! वाचलेल्या वेळात झोप काढली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काहीतरी भानगड आहे. तळाचा व्हॉल्व्ह उघडला की दहा आकडे मोजून बंद करायचा. आज कितीपर्यंत मोजले ते लक्षात नाही. चहा पिऊन धावत परत गेलो, तर व्हॉल्व्ह बंद! मी बंद केला नव्हता, एवढं नक्की. शनिवारीही असंच झालं. माझ्या बॉयलरला कोणीतरी हात लावतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लाकडाच्या ढिगामागे लपून बसलो. कोण यावं? वॉशर! इकडेतिकडे पाहिलं, व्हॉल्व्ह बंद केला, वर काचही पुसली, आणि मुकाट्याने निघून गेला.

तीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्ली याने. आता सगळं कळलं. परीक्षेला तोही बसतोय, आणि प्रॅक्टिस माझ्या बॉयलरवर! जेवण गेलं नाही. ही म्हणाली, आधी त्याला विचारा तरी. चोराला काय विचारायचं?

१८ फेब्रुवारी, बुधवार

त्याला मॅनेजरबाईंसमोर उभं केलं. वॉशर म्हणाला, अरे, तूच ना सांगितलंस मला, बघत जा म्हणून? इतकं धडधडीत खोटं! तोंडावर! मी असं कशाला सांगेन? म्हटलं, बाई, माणूस फितूर आहे. हा इथे राहणार असेल तर बॉयलरची जबाबदारी माझी नाही.

बाईंनी त्याला बॉयलरकडे फिरकायला मनाई केली. जाताना वळून म्हणाला, आकडे मोठ्याने मोजत जा रे बाबा. वर टोमणा!

मी स्वतः पाटी रंगवून दारावर ठोकली: ‘बॉयलरवाल्याशिवाय कोणीही आत येऊ नये.’ अक्षर असं उतरलं की बाईसुद्धा थांबून बघत होत्या. आज जिंकलो. त्या आनंदात औषध.

झालेले प्रश्न: पहिला (परत).

१९ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ

बॉयलरने दगा दिला.

सकाळी व्हॉल्व्ह उघडला. चारपर्यंत मोजलं आणि अचानक चौदाव्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. निसटायच्या आत लिहावं म्हणून ढिगामागे गेलो. सोबत थोडं औषध. पावणेअकराला कानठळ्या बसल्या. पाणी संपून शिशाचा प्लग वितळला, वाफ भट्टीत घुसली, आग विझली. पाणी गेलं की वितळायचं, हेच त्या प्लगचं काम, म्हणून कोणाला लागलं नाही. पण लाँड्रीभर राख, आणि हॉस्पिटलच्या सहाशे चादरी ओल्या.

वॉशर पन्नास पावलांवर नळ दुरुस्त करत होता. व्हॉल्व्हकडे बघायला एकदाही आला नाही. म्हणे पाटी वाचली.

बाईंनी रजिस्टर मागवलं. घड्याळात अकरा वाजलेले. रजिस्टरमध्ये संध्याकाळी पाचपर्यंत प्रेशर सात, पाणी अर्धी काच. बाई म्हणाल्या, काका, आज पाच वाजता आणखी काय काय झालं, तेही सांगून ठेवा.

टिपण पाहिलं. ‘१४)’ एवढंच आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

परीक्षा. तीन साहेब. मनात म्हटलं, काहीही विचारा, एकतीस वर्षं आहेत पाठीशी. जरा धीर यावा म्हणून सकाळी औषध, अगदी चिमूटभर.

पहिलाच प्रश्न: काचेत पाणी दिसत नाही, प्रथम काय कराल?

माझा प्रश्न! वीस दिवस केलेला! हातांना येत होतं, हात टेबलावर हललेही. तोंडातून मात्र निघालं, वॉशरला हाक मारायची.

तिघं हसले. मधल्या साहेबांनी विचारलं, आणि वॉशर आला नाही तर? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातही नाही. परीक्षक विकले गेलेले आहेत.

४ मार्च, बुधवार

वॉशर पास. मी घड्यांच्या खात्यात. चादर दोघांनी धरायची असते. समोरची बाई म्हणते, आजोबा, तुमचं टोक सुटलंय.

औषध आजपासून बंद. (सकाळचं धरून नाही.)

९ मार्च, सोमवार

वॉशरने दगा कधीपासून सुरू केला, याचा पुरावा काढून बाईंसमोर ठेवायचं ठरवलं. सगळं या वहीत आहेच. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

पहिल्याच पानावर थांबलो. २ फेब्रुवारी. ‘तळाचा व्हॉल्व्ह मी बंद केलाय ना, तेवढं बघत जा.’ चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाली ‘देवमाणूस’ असंही आहे. शाई माझी, अक्षर माझं.

ही वही मी कोणाला दाखवत नाही. माझ्या उशीखाली असते. तीही फितूर निघाली.

पान फाडायला घेतलं. फाटेना. मग वही काखेत मारून बॉयलरकडे गेलो. दारातून म्हटलं, वॉशर, जरा हे वाच. त्याचा एक हात व्हॉल्व्हवर होता. मोठ्याने मोजत होता, पाच, सहा. माझ्याकडे न बघता दुसऱ्या हाताने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. सात, आठ. मी पाऊल मागे घेतलं. नऊ, दहा. बंद केला. मग काच पुसू लागला.

बाहेर उभं राहून पाटी वाचली. मीच रंगवली म्हणतात. मला आठवत नाही. अक्षर मात्र फार सुंदर आहे.