वास बाहीचा होता

प्रिय ताई,

पण तू माझं ऐकतेस कधी? फोनवर मी एक वाक्य पुरं करायच्या आत तू चार ऐकवतेस, आणि वर म्हणतेस, तुला काय कळतंय, तुझं तर अजून लग्नही झालं नाही. म्हणून आता कागदावर भांडतो. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. सातवीत शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाचं अक्षर आहे, लावून लावून वाच, पण शेवटपर्यंत वाच.

दाजींचा स्पिरिटचा कॅन तू मोरीत ओतलास, पॉलिशचे बोळे कचऱ्यात टाकलेस, आणि त्यांना दारातच म्हणालीस, परत सुरू केलीत ना? का, तर शर्टाला वास आला. अगं, लाकडाला पॉलिश करणाऱ्या माणसाच्या शर्टाला काय अत्तराचा वास येणार? पॉलिशची लाख स्पिरिटमध्येच विरघळते. दिवसभर तो ओला बोळा फळीवर फिरवत राहायचा, म्हणजे कोपरापर्यंत बाही भिजणारच. हा वास लग्न झाल्यापासून तुझ्या घरात आहे. ते पीत होते तेव्हा दारूच्या वासाखाली तो तुला कधी कळलाच नाही. आता दारू गेली आणि हा एकटा उरला, तर तू त्यालाच चोर म्हणून धरलंस! वास तोंडाला येतोय की बाहीला, एवढं तरी बघायचंस.

लगेच फणकारू नकोस. तू कुठून इथवर आलीस ते मी पाहिलंय. धाकट्या मावशीच्या घरच्या लग्नात दाजी खुर्च्यांसकट आडवे झाले, तेव्हा तू हसत हसत सगळ्यांना सांगत होतीस, सकाळपासून उपाशी आहेत, चक्कर आली. आणि खुर्चीखालची बाटली पायाने मागे सारत होतीस, ते माझ्याशिवाय कुणाला दिसलं नाही. आता दर आठवड्याला कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून तू त्यांना डॉक्टरकडे नेतेस, गोळ्या स्वतःच्या हाताने देतेस, दारू सोडणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते त्या बैठकीत जाऊन परक्या बायकांसमोर बोलतेस. तूच म्हणाली होतीस ना, दिवसभर इस्त्री मारून दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढते आणि घरी येऊन ह्या माणसाच्या काढते. तेव्हा मी खूप हसलो होतो. पण इस्त्री एकाच जागी दाबून धरली की कापड जळतं, हे तुला मी सांगायचं का?

इकडे परगावी आम्हा कामगारांच्या खोलीत एक सुतार आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात, कारण झोपला की पाय खाटेबाहेर. त्यानेही सोडली आहे. एकदा मी विचारलं, सगळ्यात जड काय गेलं? मला वाटलं, हातपाय कापायचे किंवा झोप यायची नाही असलं काही सांगेल. तर म्हणाला, दार. रोज संध्याकाळी दारात बायको तोंड हुंगायची, ते. आणि एक दिवस तो न पिताच आला, तरी ती म्हणाली प्यालास, तेव्हा तो आल्या पावली मागे फिरला. म्हणाला, नाव लागलंच आहे तर मग कोरडं कशाला राहायचं. पुढे कळल्यावर त्या बाईने कपाळावर हात मारून घेतला. दाजी मात्र मागे फिरले नाहीत, ताई. तू दार लावलंस आणि ते जिन्यात बसून राहिले. तुझ्या शेजारणीने तर त्यांना चहाही नेऊन दिला. पिणारा माणूस जिन्यात बसून चहा पितो होय? त्या दिवशी दाजी जिंकले आणि तू त्यांना हरल्याचा निकाल सांगितलास.

हां, तुझी भीती खोटी नाही, हे मी मान्य करतो. स्पिरिटच्या वासाने जुनी ओढ जागी होते, लंबूही तेच सांगतो. पण म्हणून तुझ्या कारखान्याच्या गेटवर त्यांना चौकीदार करून बसवायचं? म्हणजे तुझ्या नजरेसमोर राहतील? ताई, जुनं मरगळलेलं कपाट आरशासारखं करणारा माणूस तो. त्याला दिवसभर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलंस तर दारूच्या आधी जांभया देऊनच जाईल.

इथे कामावर आम्ही दारांना पाण्याचं पॉलिश वापरतो. स्पिरिट नाही, वास नाही, फक्त फवारायचं. मी आलो तेव्हा नाक मुरडलं होतं. पहिल्याच दारावर भसाभस मारलं, तर लाकडाचे बारीक तंतू ताठ उभे राहिले. सुपरवायझरने हात फिरवून पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, हे दार आहे की दाढी न केलेला गाल? आता जमतं मला. पहिला हात पातळ द्यायचा, वाळू द्यायचा, हलकं घासायचं, मगच पुढचा. हे सगळं दाजींना फोनवर सांगितलं, तर त्यांनी काय विचारावं? रंग लाखेसारखा खोल दिसतो का? मी म्हटलं, तितका नाही. तर म्हणाले, बघू, वरून मेणाचा एक हात देऊन. ताई, हा माणूस सुटणार. माझ्याकडून लिहून घे.

आता खरं सांगतो. तो फोन पॉलिशसाठी नव्हता. तू कॅन ओतलास त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच केला होता. म्हणाले, तिकडे माझ्यासाठी जागा आहे का रे? तुझ्या ताईला रोज माझी धास्ती, मी लांब गेलो तर तिचा जीव तरी भांड्यात पडेल. जागा आहे, ताई. सुपरवायझर माणसंच शोधतोय. मी नाही म्हणालो. इथे सुट्टीच्या आदल्या दिवशी खोल्याखोल्यांत काय चालतं ते मी बघतो, आणि इथे त्यांना गोळी द्यायला कुणी नाही. नाही म्हटल्यावर विषय बदलायला पॉलिशचं काढलं. मी तुला हे कळवलंय ते त्यांना कळू देऊ नकोस. तू फक्त एवढंच कर, माझं चुकलं, वास बाहीचा होता, असं त्यांना तोंडाने सांग. तू हट्टी आहेस, पण खोटी नाहीस, जमेल तुला. आणि पाण्याच्या पॉलिशला लागणारी फवारणीची गन नि छोटा कंप्रेसर त्यांनी एकट्याने बाजारात जाऊन आणायचा. तू बरोबर जायचं नाहीस, मागे कुणाला पाठवायचं नाहीस. तुझ्या छातीत धस्स होईल, होऊ दे, मला खात्री आहे ते यंत्र घेऊनच घरी येतील. म्हणून या वेळी यंत्राचे पैसे तुझ्या नावावर नाही, दाजींच्या नावावर पाठवतोय, सगळे एकदम. चोवीस हजार.

तुझाच,
भिंगऱ्या