रेल्वेच्या प्रश्नाचे पंधरा दिवस

काका,

साहेबांची राज्यसभेची मुदत संपली. दोनदा निवडून गेले, म्हणजे बारा वर्षं, आणि त्यातली पहिली तीन ऑफिसची कागदपत्रं तुम्ही सांभाळलीत. काल ऑफिसात निरोपाचा चहा होता. साहेबांनी तुमची ती गोष्ट पुन्हा सांगितली, दर वर्षी एकदा तरी सांगतात. “हमारे बाबूजी ने पूरी ज़िंदगी में एक ही गिनती गलत की, वो भी एक आँख से.” सगळे हसले. मीही हसलो, आणि मग कपबशा उचलायच्या निमित्तानं आत गेलो.

तुम्ही मला कामाला लावलं तेव्हा मी दहावीला दोनदा बसून शाळा सोडलेली होती. पुरानी बस्तीत तुमच्या स्वयंपाकघरातच माझं शिक्षण झालं, कारण उजेड तिथं चांगला यायचा. काकी पोळ्या लाटताहेत, तुम्ही पाटावर बसून सभागृहात विचारायच्या प्रश्नाचा मसुदा वाचताय, आणि मी समोर मांडी घालून चुका शोधतोय. “शाळा सोडली ते सोडली, अक्षर काहून सोडतो?” असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. मी पहिल्याच मसुद्यात मंत्र्यांना लाज वाटते का असं विचारलं होतं. तुम्ही ती ओळ हळूच खोडली. “मंत्र्याले झापाचं नाही रे. त्याच्याकडून लेखी घ्याचं आहे. रागावला माणूस लेखी देत नाही.” हे मी आजही प्रत्येक मसुद्याआधी मनात म्हणतो.

भनपुरीचा प्रश्न तुम्हाला आठवत असेल. तिथल्या बाया अर्ज घेऊन आल्या होत्या की रुळांच्या पलीकडे शाळा आहे आणि वरून जायला पूल नाही. साहेबांनी त्यांच्यासमोर शब्द दिला की याच अधिवेशनात रेल्वेमंत्र्यांना विचारतो. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो, प्रश्न त्याच्या पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि रेल्वेचा त्या अधिवेशनातला एकच वार उरला होता. त्याच आठवड्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी होती. तुम्ही म्हणालात, शेवटची तारीख तू काढ, मला आता कॅलेंडर दिसत नाही. मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा पंधरा आले. कागद त्या तारखेला दिल्लीत पोचला आणि मुदतीत नाही म्हणून परत आला.

तुम्ही मला ऑफिसच्या मागच्या जिन्यात नेलं. “कसे मोजले, दाखव.” मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. “दिला तो दिवस धरला. उत्तराचा दिवसही धरला. मधले पूर्ण पंधरा पाहिजेत रे पोट्ट्या, दोन्ही टोकं सोडून.” त्या काळी साहेब चुकीला माणूस बदलत, माझ्या आधीचा टायपिस्ट तसाच गेला होता. तुम्ही माझ्याकडे बघितलं. “घाबरून राहिला? घाबर. पण मोजताना घाबर. आता घाबरून काय फायदा.”

मग साहेबांनी आत बोलावलं. मी दाराशी उभा. “किसने गिना?” तुम्ही म्हणालात, “मैंने, साहब. एक आँख पर पट्टी थी.” साहेब हसायला लागले. खरं न सांगता मी दारातूनच मागे फिरलो.

तुम्ही मात्र मला तसं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी बसनं भनपुरीला नेलंत आणि अर्ज आणणाऱ्या दीदीसमोर उभं केलंत. “हिले तू सांग.” मी सांगितलं की मोजणी माझी चुकली, आता पुढच्या अधिवेशनातच होईल. ती धुणं पिळत होती. म्हणाली, “हव, भूल तो हो जाथे. फेर लइका मन पटरी ल रोज पार करथें.” चूक होते, पण मुलं तर रोज रूळ ओलांडतात, एवढंच. पुढच्या अधिवेशनात तो प्रश्न लागला, लेखी उत्तर आलं, आणि त्याची छापील प्रत तुम्ही मला दिलीत. पूल झाला, काका. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी. लोखंडी आहे, साधा. तेव्हापासून माझी एकही तारीख चुकलेली नाही, आणि याचं सगळं श्रेय त्या जिन्याला आणि त्या बसला आहे.

पण साहेबांची गोष्ट चालूच राहिली. तुमच्या तेराव्यालाही ती निघाली. काकींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “यांची मोजणी चुकली कशी रे? कुकरच्या शिट्ट्या मोजायला चुकले नाहीत कधी.” मी पाणी प्यायला गेलो.

काल साहेबांच्या फायली गाडीत ठेवताना मी सांगितलं की ती मोजणी माझी होती. साहेब गाडीचं दार धरून उभे राहिले. “मतलब इतने साल मैं उस आदमी की आँख पर हँसता रहा?” मी म्हटलं, हो. “भाभीजी को मालूम है?” नाही म्हटलं. “तो पहले उनको बता.”

आज सकाळी गेलो. काकींनी ऐकून घेतलं, गॅस बारीक केला. “मले वाटतच होतं,” म्हणाल्या. “पण हे सांगत नव्हते, तर म्या बी विचारलं नाही. बस, गरम पोळी खाऊन जा.” मी दोन खाल्ल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. साहेबांनंतर माझं काय होणार म्हणून मी सहा महिने धड झोपलो नव्हतो. सोमवारी नव्या सदस्या मॅडमच्या ऑफिसातून मला ठेवून घेतल्याचं पत्र आलं, आणि साहेबांशी मी बोललो ते गुरुवारी. पत्र आलं नसतं, तर कालही मी नुसता हसून कपबशा उचलल्या असत्या. हे कोणालाच सांगायचं धाडस नाही. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.