पिठाचा दमा

१४ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. जाऊबाईंना सांगा, त्यांनी विणलेली टोपी पोचली. तुमच्या दादांनी ती घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "चोर दिसतोय." पण काढली नाही. कुणी पाठवली ते मी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांना बरोबर कळलं होतं.

पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सगळे खुशाल' असं लिहायची रीत असते, म्हणून मीही आजवर लिहीत आले. आज रीत म्हणून नाही, खरंच लिहितेय. काल रात्री तुमचे दादा आडवे झोपले. पाठीशी उशांचा डोंगर नाही, खिडकीपाशी खुर्ची ओढणं नाही. आडवे झाले आणि घोरायला लागले. लग्न झाल्यापासून ज्या घोरण्याच्या नावानं मी बोटं मोडली, ते ऐकून मला काल रडू आलं.

तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, कारण मी कळू दिलं नाही. गेली दोन वर्षं त्यांना दम लागत होता. आधी जिना चढताना, मग पोतं उचलताना, शेवटी तर बसल्या जागी. आपल्या घरात दम लागला की कुणी डॉक्टरकडे धावत नाही. निदान आधीच ठरलेलं असतं: पिठाचा दमा. मामंजी त्यातच गेले. बेकरीत जन्म काढला की पीठ छातीत बसायचंच, असं सगळेच धरून चाललेले. औषधही मामंजींचंच. भट्टीच्या कडेला गरम पाण्याची किटली आणि येता-जाता प्रत्येकानं पेलाभर प्यायचं, म्हणजे पीठ धुऊन निघतं. तुम्हीही ते पाणी प्यायला आहात.

ह्यांनी ते पेल्यानं सोडून तांब्यानं प्यायला सुरुवात केली. ओतून देणारी मीच. दम वाढला की पाणी वाढवायचं, पाणी वाढलं की दम वाढायचा, आणि आम्ही दोघं शहाणे किटली पुन्हा भरायचो. एका डॉक्टरनं तोंडानं ओढायचा पंप दिला. पंप संपले, दम काही संपला नाही.

मग एका सकाळी ते भट्टीसमोर खाली बसले ते उठेचनात. ओठ निळे पडलेले. आपल्या मिशाळनं (तोच, तुमच्या वेळचा भट्टीवाला, मिशा आता पांढऱ्या झाल्यात) त्यांना पोत्यांच्या हातगाडीवर घातलं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. दोघंही पिठानं माखलेले. दारातला माणूस आधी मिशाळलाच स्ट्रेचरवर घेऊ लागला, इतका तो धापा टाकत होता.

छातीच्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी छातीला नळी लावली, ऐकलं, आणि मग छाती सोडून पायाकडे गेल्या. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. भावजी, तुम्ही ओळखाल तो खड्डा. फुगून तयार झालेल्या पिठात बोट दाबलं की राहतो ना, अगदी तसाच. आयुष्यभर रोज तो खड्डा बघणारी माणसं आम्ही, आणि ह्यांच्या पायावरचे मोज्याचे वळ बघून 'मोजे घट्ट झालेत' म्हणत होतो. मी तर मोजे बदलूनही आणले!

नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमची फुप्फुसं आजारी नाहीयेत. त्यांच्यात पाणी भरलंय."

"पाणी कुठून आलं?"

"मूत्रपिंडं बाहेर टाकत नाहीयेत. आधी पायांत साचलं, मग फुप्फुसांत शिरलं. आडवं झालं की जीव घाबरायचा तो त्यामुळेच."

"आणि पीठ?"

"पिठाचा यात काही हात नाही."

साचलेलं पाणी काढल्यावर त्यांना एका नळीत जोरानं फुंकायला लावलं. फुप्फुसं वयाच्या मानानं उत्तम निघाली. मी बाईंना हळूच विचारलं, तांब्यांवर तांबे पाजून मीच ह्यांची मूत्रपिंडं बिघडवली का? "नाही हो काकू," त्या म्हणाल्या. "ती आधीपासून थकलेली होती. पाण्यानं फक्त ते उघड झालं. रक्तदाब कधी मोजला होता?" कोण मोजणार? आमच्याकडे फक्त पीठ मोजतात. पण त्यांच्या त्या 'नाही हो'नं माझ्या उरावरचा धोंडा उतरला.

आता आठवड्यातून तीन सकाळी ते डायलिसिसच्या यंत्रावर असतात. मूत्रपिंडांचं काम ते यंत्र करतं. पाणी मोजून, मीठ नावाला, चिडचिड मात्र पोटभर. किटली मी माळ्यावर टाकली. थकतात, पण बोलताना वाक्य मध्येच तुटत नाही, त्यामुळे मला पूर्वीसारखी पूर्ण लांबीची बोलणी बसायला लागली आहेत. बसू देत.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, तो पिऊन झाला, कपबशी धुतली. तुम्ही मला ओळखता. अजून सांगायचं राहिलंय.

तुम्हाला बेकरीतून घालवलं त्या दिवसाचं. सगळ्या कामगारांसमोर ते तुम्हाला म्हणाले, "फुंकर मारली तर उडशील. भट्टी तुझ्या बापजन्मी जमायची नाही." तुम्ही पांढरे पडलात. बाप दोघांचा एकच, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. तुम्ही गेलात ते गेलात. पत्रं फक्त मला लिहिलीत, आणि दादाला एकट्याला बेकरी हवी होती असंच मनात धरून बसलात.

तेव्हा मामंजींना जाऊन थोडेच दिवस झाले होते. तुम्हाला लहानपणापासून खोकला, आणि त्या आठवड्यात तर फारच. तुम्ही गेल्यावर हे आत आले, पोत्यावर बसले आणि म्हणाले, "समजावलं असतं तर तो राहिला असता. हट्टी आहे. चिडला तरच जाईल, आणि गेला तरच जगेल." मग मला शपथ घातली. कारण कळलं तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी परत याल, ही त्यांना खात्री होती. इतकी वर्षं मी तोंड शिवून बसले. माझ्यासारखीनं, विचार करा!

डॉक्टरीणबाई 'पिठाचा हात नाही' म्हणाल्या तेव्हा लेक हसली, मिशाळ हसला, मीही हसले. ह्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, "मग मी त्याला कशाला घालवलं?"

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. सोनोग्राफीत ह्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या लहानमोठ्या पिशव्या दिसल्या. हा आजार बापाकडून मुलांत येऊ शकतो. येतोच असं नाही. मामंजींचं कुणी काही तपासलंच नव्हतं, पण डॉक्टरांना वाटतं त्यांनाही हेच असावं. लेकीचं तपासून झालं, तिचं स्वच्छ आहे. राहिलात तुम्ही. मागच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की दुकानाचा जिना चढताना हल्ली धाप लागते, पीठ काही पाठ सोडत नाही. तुम्ही गंमत केलीत. माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागलाय.

रक्तदाब मोजा. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, सगळं करा. जगाला नीट दिसावं म्हणून चष्मे करता, एकदा स्वतःच्या आतही बघून घ्या. काय निघेल ते निघो, वेळेवर कळलं तर गोळ्यांनी पुष्कळ काळ सांभाळता येतं असं डॉक्टर म्हणतात. ह्यांना वेळेवर कळलं नाही. तुम्हाला मी ती सवलत देणार नाही.

शपथ मोडलेली आणि मोडून मोकळं वाटणारी,
तुमची वहिनी


९ नोव्हेंबर

धाकट्यास,

हे मी स्वतः लिहितोय. अक्षर वाईट आहे कारण डावा हात यंत्राला जोडलेला आहे आणि कागद सरकतो.

तुझा रिपोर्ट वहिनीनं इथंच, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा वाचला. मूत्रपिंडं स्वच्छ. छाती स्वच्छ. धाप लागते ती सुटलेल्या पोटामुळे! मी इतका हसलो की नर्स ओरडली, हात हलवू नका. शेजारच्या पलंगावरच्या मास्तरांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, माझा भाऊ जाडा झालाय. ते म्हणाले, अभिनंदन. मग मी रडलो. तेही लिहून टाकतो, नाहीतर ती लिहीलच.

रिपोर्टाखाली तू एक ओळ लिहिली आहेस. 'दोन आहेत, एक तुझं, कधी येऊ ते सांग.' ती मी दुसऱ्यांदा वाचू दिली नाही. एकदा ऐकली तेवढी पुरे झाली.

नको म्हणणार होतो. तोंडावर आलं होतं. मग वाटलं, तुझं काय करायचं ते एकदा मी तुला न विचारता ठरवलं. त्यात काय झालं ते आपण दोघांनी भोगलं. तेव्हा डॉक्टर काय म्हणतात ते दोघं मिळून ऐकू, तुझी बायकोही असेल, मग बघू. घाई नाही. यंत्र चांगलं आहे. मी नीट श्वास घेतोय.

पण मला आधी दुसरंच मागायचंय. तीन सकाळी मी इथं अडकतो आणि मिशाळ एकट्यानं पीठ मळतो, भट्टी लावतो, पाव काढतो. त्याचं वय झालंय. तू दुकान बंद कर असं मी म्हणत नाही. थोडे दिवस ये. बेकरी तुझ्याही बापाची आहे, ते मी त्या दिवशी विसरलो होतो. तुझ्या छातीला काही होणार नाही. तेव्हाही झालं नसतं. मला माहीत नव्हतं रे.

मागच्या वेळी जा म्हणताना विचारलं नव्हतं. या वेळी विचारतो. येशील का?

तुझा दादा